सोललेली पुस्तकं

४ मार्च

ताई,

नमस्कार, खुशाली, तब्येतीची चौकशी हे सगळं लिहिलंय असं समजून घे. पाच वर्षांनी माझं पत्र बघून कोण गेलं म्हणून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. माझी सहनशक्ती तेवढी संपली आहे, आणि ती संपवणारी आपली वाळवी.

माझ्या लेकीला अजून सगळे वाळवीच म्हणतात. बाबांनी ठेवलेलं नाव. चार वर्षांची असताना कागदाच्या गठ्ठ्यात शिरून बसायची आणि हाका मारून घसा बसला तरी ओ द्यायची नाही. आता सतरा पूर्ण झाली, ओ अजूनही देत नाही.

फोन का केला नाही म्हणशील. तुझा नंबर आहे माझ्याकडे. पण फोनवर आपण दुसऱ्या मिनिटाला भांडतो आणि तिसऱ्या मिनिटाला आधी कोण ठेवतं याची शर्यत लागते. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, एवढ्यासाठी पत्र. माझं शुद्धलेखन तपासत बसू नकोस. सातवीपर्यंतच शिकले, का ते तुला माहीत आहे.

तर ऐक. तू रद्दीचं गोदाम सोडलंस तेव्हा वर्तमानपत्रं जास्त यायची. आता पुस्तकंच पुस्तकं येतात. शाळा बंद पडतात, म्हातारी माणसं जातात आणि त्यांची मुलं कपाटं रिकामी करतात. कागद गिरणी पुठ्ठा घेत नाही, डिंक घेत नाही, गुळगुळीत रंगीत कागद घेत नाही. म्हणून प्रत्येक पुस्तक आधी सोलावं लागतं. पाठ सुरीनं चिरायची आणि कव्हर ओढून काढायचं. त्याला चिकटून पुढची दोन-तीन आणि मागची एक-दोन पानं येतात, ती कव्हराबरोबर पुठ्ठ्याच्या ढिगात. उरलेला गाभा दुसऱ्या रांगेत जातो. तिथं पांढरा कागद वेगळा आणि पिवळा वेगळा करतात. मी पहिल्या रांगेत बसते, वाळवी दुसऱ्या.

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा अंगठा वाकायचा बंद झाला. इतकी वर्षं कव्हरं ओढल्यावर त्यानं तरी काय करावं. डावीनं काम होतं, पण निम्मंच. हिची दहावी झालेली होती, हिनं शाळेत परत जायचं सोडून दिलं आणि गोदामात येऊन बसली. मी तिला ये म्हटलं नव्हतं. नको असंही म्हटलं नाही, हे लिहून टाकते, कारण तू ते विचारणारच.

आता ही बया कागद निवडते कुठे? वाचते. दहा वाजता हातात घेतलेला गाभा बारा वाजता खाली ठेवते. तोवर माझ्या बाजूनं सोललेली पुस्तकं येतच असतात आणि तिच्यासमोर ढीग छातीला लागतो. काट्यावरचे काका वजन घ्यायला येतात आणि माझ्याकडे बघतात, जसं काही मीच तिला हे शिकवलं. शनिवारी ट्रक गिरणीत जातो, त्याआधी हिला सगळं संपवायचं असतं. घरातही तेच. आपल्या तीन पातेल्यांपैकी दोन तिनं गॅसवर ठेवून जाळली. तिसऱ्याला मी तिला हात लावू देत नाही. हिचे वडील ट्रकवर, महिन्यातून दोन दिवस घरी असतात, आणि त्या दोन दिवसांत तिच्याकडून गोष्टी ऐकत बसतात. म्हणजे बोलायचं मी, ऐकून घ्यायचंही मी.

खरी गोष्ट पुढेच आहे. तिच्या जुन्या शाळेच्या बाईंनी मला न विचारता एक अर्ज भरला. वाचनालयात काम करायचं शिक्षण, दोन वर्षांचं. राहणं-जेवण फुकट, आणि शाळा सुटलेल्या मुलांसाठीच आहे. कुठे ते नंतर सांगते. गेल्या महिन्यात मुलाखत झाली. तिघं बसलेले. एक फाइलवाले साहेब, एक तरुण पोरगा, आणि एक जाड चष्म्याची बाई, तीच मुख्य. दार अर्धं उघडं होतं आणि मी बाहेरच्या बाकावर.

आवडती तीन पुस्तकं सांग म्हणाले. हिनं पहिल्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. दहा मिनिटं. साहेबांनी पेन खाली ठेवून ऐकली, मला दिसत होतं. मग विचारलं, नाव काय पुस्तकाचं? ही म्हणाली, नाव नव्हतं. लेखक? तोही नव्हता. बरं, शेवट काय होतो? ही म्हणाली, शेवट आम्ही फाडतो.

दुसऱ्या पुस्तकाचं तेच आणि तिसऱ्याचंही तेच. कशी सांगणार नाव? तिच्याकडे पुस्तक पोचेपर्यंत त्याचं नाव माझ्या हातून पुठ्ठ्यात गेलेलं असतं. पण गोदाम, सोलणं, गाभा हे सगळं नीट समजावून सांगायचं सोडून ही ठोंब्यासारखी बसली. शेवटी चष्म्याची बाई म्हणाली, अगदी मायेनं म्हणाली, "बाळ, तू गोष्टी छान रचतेस. पण आम्ही वाचणारी मुलं शोधतोय."

घरच्या दाराशी आल्यावर मला विचारते, "आई, मी खोटं बोलले का?" मी म्हटलं, खरं बोललीस आणि मूर्खासारखी बोललीस.

शाळेच्या बाई जाऊन भांडल्या म्हणून दोन एप्रिलला पुन्हा बोलावलंय. त्याच तीन पुस्तकांची नावं आणि लेखक लिहून आणा, मग पुढचं बघू, असं सांगितलंय. पुस्तकंच नेऊन दाखव म्हणशील, तर बरेचसे गाभे कधीच गिरणीत गेले. दोन-चार घरी आहेत, पण मुलाखतवाल्यांच्या कागदावर रकाने दोनच, नाव आणि लेखक. नुसती रद्दी काय, कोणीही आणेल.

तू कॉलेजच्या वाचनालयात वीस वर्षं पुस्तकांना नंबर टाकतेस. म्हणून हे पत्र. तिच्या वहीत दीडशे नोंदी आहेत, त्यातल्या चाळीस मी तिच्या नकळत उतरवून सोबत जोडल्या आहेत. ज्या तीन हव्यातच, त्यांच्यापुढे फुली केली आहे. नमुना म्हणून त्या तीन इथेच लिहिते, अगदी तिच्या शब्दांत:

७. एका न्हाव्याच्या गावात आरसा नाही. कोण कसं दिसतं ते फक्त न्हावी सांगतो. तो एकदाच खोटं बोलतो, बायकोशी.

१३. दोन भाऊ घराच्या मधोमध खडूनं रेघ मारतात. मांजर कोणाचं ते ठरत नाही. पुढे मांजरच घर सोडतं.

२२. एक बाई पुलाच्या टोकाला बसून जाणारे-येणारे मोजते. सरकारी काम. एका संध्याकाळी गेलेल्यांत एक माणूस जास्त निघतो. तो परत आलेला नाही. ती जागा सोडून त्याला शोधायला निघते. (अकरा वेळा वाचलं. शेवटचं पान नाही.)

ओळखता येतील तेवढ्यांपुढे नाव लिहून परत पाठव. तुला वेळ नसेल तर तसं कळव, म्हणजे मी वाट बघत बसणार नाही. वाट बघायची मला सवय आहे, पण आवड नाही.

तुझी धाकटी

१२ मार्च

ताई,

आठ दिवस झाले. इथून तिथे पत्र जायला तीन दिवस लागतात, पोस्टात विचारून आले. म्हणजे तुला मिळालं आहे आणि तू विचार करते आहेस. तुझं ते पहिल्यापासूनचंच. आग लागली तरी तू आधी विचार करशील आणि मग बादली शोधशील.

इकडे वाळवीला कळलं की तिची वही कोणीतरी हाताळली. कसं कळलं विचारू नकोस, पानं मोजून ठेवते बहुतेक. मी कबूल केलं की तुला लिहिलंय. तिला वाटलं होतं मावशी आपल्याशी बोलत नाही. मी म्हटलं, मावशी माझ्याशी बोलत नाही, तू मध्ये कुठून आलीस? तर म्हणते, मग मला कधी काही पाठवलं का नाही तिनं?

कुकरची शिट्टी झाली.

पाच दिवसांपूर्वी मालकांनी बोलावून घेतलं. एका पांढऱ्या गठ्ठ्यात अर्धा पिवळा कागद निघाला आणि गिरणीनं गठ्ठा परत पाठवला. कोणी बांधला ते सांगायची गरजच नव्हती. मालक तसे वाईट नाहीत, पण त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं की तुमची मुलगी इथं कामाला येते की शिकायला. मी मान खाली घालून उभी, आणि ही माझ्या शेजारी, मालकांच्या टेबलावर पडलेलं बिलाचं पुस्तक उलटं वाचतेय. बिलाचं पुस्तक, ताई. दुसऱ्या दिवशीपासून तिला बांधणीला घातलं. तिथं हातात दोरी आणि समोर बंद गठ्ठे. दोन दिवस मला वाटलं, सुटले. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर ही गठ्ठ्याच्या कडेवर मान तिरकी करून, दोरीच्या फटीतून दिसेल तेवढ्या ओळी वाचतेय.

हसतेस काय? मला दिसतंय तू हसतेस. तुझी भाची म्हणून तुला कौतुक. इथं ढीग मला उपसावा लागतो.

दोन एप्रिलला फार दिवस नाहीत. यादी पाठव.

१८ मार्च

ताई,

यादी मिळाली. चाळीसपैकी एकतीस नावं. न्हाव्याचंही नाव दिलंस, लेखकासकट आणि सालासकट. वाळवीनं ती यादी हातात घेतली आणि एकेक नाव मोठ्यानं वाचलं, हजेरी घ्यावी तसं. तीन पुस्तकांपुढे "माहीत नाही" लिहिलंस तेही मान्य. आणि सहांपुढे लिहिलंस, "याचं नाव तुझ्याकडे आहे."

कुशल-मंगल एक ओळ नाही, एक अक्षर जास्तीचं नाही. नुसतं सहा वेळा तेच. त्या सहांत तेरा नंबर आहे आणि बावीस नंबर आहे, म्हणजे ज्यांच्यावर सगळं अडलंय त्यातली दोन.

वाळवीनं विचारलं, "आई, तुझ्याकडे कशी असतील नावं?" मी म्हटलं, मावशीचं डोकं फिरलंय. आणि बाहेर जाऊन दोरीवरचे वाळलेले कपडे पुन्हा झटकत बसले.

आता लिहितेच. झाकली मूठ किती दिवस झाकायची, आत काय आहे ते तुला आधीच कळलंय.

सातव्या वाढदिवसापासून बाराव्यापर्यंत तू दर वर्षी तिच्या नावानं पुस्तक पाठवलंस. सहाही मला मिळाली. मिळाली का म्हणून तू दोनदा विचारलंस, मी उत्तर दिलं नाही. पाच पार्सलं मी गोदामात फोडली, सहावं घरी; प्रत्येक वेळी पुस्तक सोललं आणि गाभा ढिगात टाकला. वाटायचं, हिला पुस्तकाचा नाद लावलास की ही पण एक दिवस तुझ्यासारखी ट्रंक उचलेल. तू जाताना मला काय म्हणाली होतीस? दोन वर्षांनी तुला न्यायला येते. मी दोन वर्षं रोज ट्रंकेतल्या कपड्यांची घडी बदलत होते. मग बदलायची सोडली.

पण करायला गेले एक आणि झालं भलतंच. सात वर्षांची पोर, आईच्या मागे ढिगात खेळणारी. तिनं ते गाभे उचलून घरी आणले. दर वर्षी एक, सहाच्या सहा. तू मुलीला पुस्तकं पाठवलीस, मी ती टाकली, आणि तरीही ती तिला मिळाली. आपल्या दोघींना न विचारता. पहिल्याला दहा वर्षं झाली, आणि ते सहाही गाभे सुतळीनं बांधून तिच्या उशाशी आहेत. बावीस नंबर ती अकरा वेळा वाचताना मी बघितलंय. दर वेळी मी तिला काहीतरी काम सांगायचे.

चाळीस नोंदी उतरवल्या त्या याचसाठी. गर्दीत सहा लपतील आणि तू भराभर नावं लिहून मोकळी होशील असं वाटलं. तुला मी अजून ओळखलं नाही.

आता दुसरं ऐक. कव्हरं पुठ्ठ्यात गेली, पण तू पहिल्या पानावर लिहिलेलं असायचं. तिचं नाव, पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, आणि खाली "मावशीकडून". पुस्तकाचं नाव परत हातानं कशाला लिहायचं, छापलेलं असतं की! पण तुझं अक्षर. ती पानं मी टाकू शकले नाही. जन्माच्या दाखल्यांच्या डब्यात तळाशी ठेवली होती. काल काढून वाळवीसमोर ठेवली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं सुतळी सोडली, एकेक पान एकेका गाभ्यावर ठेवून बघितलं, बरोबर बसलं की बाजूला ठेवलं. पाच जुळली. मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "सहावं?"

सहावं पान नाही, ताई. बावीस नंबरचंच नाही. ते मी खरोखर फाडलं. तेव्हा त्याचं नाव तेवढं लिहून पाठव. ताबडतोब पाठव. आणि हो, ते शिक्षण तुझ्याच शहरात आहे. आता तरी कळलं ना, मी का लपवत होते.

२७ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं. एक ओळ. "सहाव्याचं नाव मी एकदा लिहून दिलं होतं."

वा. एवढं शिकून हेच शिकलीस. सहा दिवस राहिलेत आणि तुला माझी परीक्षा घ्यायची आहे. भांडण माझ्याशी आहे ना, मग माझ्याशी भांड. पोरीचं काय चुकलं?

वाळवीला दाखवलं तुझं पत्र. तिनं वाचलं आणि घडी करून परत दिलं. आता घरात दोनच माणसं आणि ही माझ्याशी काट्यावरच्या काकांमार्फत बोलते. काका येऊन सांगतात, ती म्हणतेय डबा नको. मी सांगते, तिला म्हणावं गप खा. त्यांचंही वय झालंय, किती फेऱ्या मारतील?

बरं. तुला सहाव्याचं ऐकायचंच आहे तर ऐक.

ते पार्सल बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. घरात माणसं बसलेली आणि पोस्टमन दारात. मला वाटलं, बघा, स्वतः आली नाही, पार्सल पाठवलं. सगळ्यांसमोर उघडलं, पहिलं पान काढलं आणि इतकं बारीक फाडलं की उचलताना नखात अडकलं. लोक म्हणाले, दुःखानं वेडी झाली. कोणी काही विचारलं नाही. उरलेलं पुस्तक मी नंतर गोदामात नेऊन सोललं.

पार्सलवर आठवड्याआधीचा शिक्का होता. तो मी तेव्हाच पाहिला होता. आणि तू आली नाहीस कारण तुला माहीतच नव्हतं. बाबा गेल्याचं मी तुला चौथ्या दिवशी कळवलं. फोन बंद होता, पोस्ट लांब होतं, गडबडीत राहिलं, असं मी तुला आणि सगळ्यांना सांगितलं. फोन चालू होता. शेवटच्या आठवड्यात बाबा रोज तुझंच नाव काढत होते. उठवत मी होते, पाजत मी होते, आणि विचारायचे, मोठी आली का? मला राग आला होता. एवढंच आहे ते, याहून मोठं कारण नाही.

तू आल्यावर दारात उभी राहून मला म्हणालीस, मुद्दाम केलंस. मी शपथ घेऊन नाही म्हटलं. तेव्हापासून आपण बोललो नाही. तर, मुद्दाम केलं होतं. चूक माझी होती. पाच वर्षं हे एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही, आज लिहिलंय. उत्तर वेळेत पोचणार नाही हे मला कळतं. नाव नाही दिलंस तरी चालेल.

चालेल असं नाही. पण काय करणार.

४ एप्रिल

ताई,

परवा मुलाखत झाली. सविस्तर लिहिते, नाहीतर तू म्हणशील अर्धवट सांगितलं.

सकाळी निघताना तिच्या पिशवीत यादी होती, तुझ्या अक्षरातलं तेरा नंबरचं पान होतं. मी बावीस नंबरचा गाभा सुतळीसकट आत घातला. ती म्हणाली, कशाला, नाव नाही त्याला. दोन आठवड्यांत थेट मला बोललेलं तिचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, असू दे, पिशवीला वजन राहील.

तोच बाक, तेच अर्धं उघडं दार. तेच तिघं. न्हाव्याच्या पुस्तकाचं नाव सांगितलं, साहेबांनी लिहून घेतलं. खडूच्या रेघेचं नाव सांगितलं, तुझं पान टेबलावर ठेवलं, तेही लिहून घेतलं. मग तिसरं. पुलावरच्या बाईचं नाव काय?

आता ही काय म्हणाली असेल? काहीतरी नाव ठोकून द्यायचं, कोण तपासतंय! पण नाही. स्वच्छ आवाजात म्हणाली, "त्याचं नाव माझ्या मावशीला माहीत आहे. माझ्या आईलाही माहीत होतं, तिनं ते फाडलं. दोघींचं भांडण मिटलं की मला कळेल."

तो तरुण पोरगा फस्सकन हसला. साहेब दाराकडे बघायला लागले, आणि दाराबाहेर कोण बसलेलं? मी. घरातलं सगळं चव्हाट्यावर आणलं पोरीनं आणि वर शांतपणे पिशवीतून गाभा काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, मी गोष्टी रचत नाही. हे वाचून बघा.

चष्म्याच्या बाईनं सुतळी सोडली. पहिलं पान वाचलं, मग मधलं एक, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मधलंच वाचायला लागली. शेवटी ती वाळवीला म्हणाली, "मागच्या वेळी मी तुला जे बोलले ते चुकीचं बोलले." सगळ्यांसमोर बोलली. इतकं सोपं असतं ते, मला माहीत नव्हतं.

मग तिनं एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून हिला दिल्या आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं, बराच वेळ. ते मला ऐकू आलं नाही. नेमकं तेवढंच ऐकू आलं नाही. पोरीनं चिठ्ठी वाचली, घडी केली आणि खिशात घातली. साहेबांनी रकाना भरला.

निवड झाली. पंधरा जूनला हजर व्हायचं आहे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय नाव निघालं? ती म्हणाली, सांगणार नाही. मी म्हटलं, बरं, तो पुलावरून गेलेला माणूस परत येतो का तेवढं तरी सांग, बाईंनी शेवट सांगितला असेल ना? तर म्हणते, "मावशीला विचार."

ताई, मी तिला रागावले, चुचकारलं, तिसरं पातेलं वापरायला देते म्हटलं. काल कपडे धुताना तिचे सगळे खिसे उलटे केले. चिठ्ठी नाही. ही कोणाची मुलगी आहे ते माझ्या चांगलंच लक्षात येतंय आणि मला ते अजिबात आवडत नाही. मालकांनाही तिनंच जाऊन सांगितलं, मी जूनमध्ये जातेय, आईचा अंगठा चालत नाही, तिला काट्यावर बसवा, काका थकलेत. मालक हो म्हणाले. मला कोणी विचारलं नाही.

दोन महिने आहेत. तुझ्या शहरात ती एकटी येऊ शकेल, तशी धीट आहे. पण गाडीत वाचत बसेल आणि शहर मागे टाकून पुढे निघून जाईल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तेव्हा तिला न्यायला कोणीतरी यावं लागेल.

तू मला न्यायला येणार होतीस. ते राहू दे आता. हिला न्यायला ये.

आलीस की बाबांच्या खुर्चीत बस, मी चहा ठेवते, आणि तू मला त्या पुस्तकाचं नाव सांग. आणि तो माणूस परत येतो की नाही, तेही. पत्रातून पाठवू नकोस. लिहिलेलं माझ्या हातात टिकत नाही.

तुझी धाकटी